दोन डब्या

४ फेब्रुवारी
आजपासून सिमेंटची पाटी सुटली. मुकादम म्हणाला, "तुझ्या हाताला चव आहे, तू खोलीचं जेवण कर." बारा जणांचं! घरी मी पाणीसुद्धा हातानं घेत नव्हतो. धाकट्या बहिणीला सांगितलं तर हसून लोळेल.

११ फेब्रुवारी
काकडी इतकी पातळ कापतो की सुतारानं रंधा ठेवून द्यावा. भोंगा (घोरतो म्हणून भोंगा) दोन वाट्या जास्त हाणतो. त्याची बायको पोटुशी आहे. महिनाअखेरची सुट्टी मंजूर झालीय, दिवसातून चारदा तारीख सांगतो.

२१ फेब्रुवारी
आधी प्लंबर पडला, मग वायरमन, काल गवंडीकाका. टायफॉईड. टाकी धुतली, बर्फवाल्याला हाकलला. मी ठणठणीत. "मला दोन वर्षांपूर्वी होऊन गेलाय, आता माझ्या वाटेला जात नाही तो," असं ऐटीत सांगतो.

२२ फेब्रुवारी
नर्सबाई आल्या. "संडासाजवळ साबण कुठंय?" साबण आहेत की, बारा जणांचे बारा — ज्याच्या त्याच्या ट्रंकेत, कुलपात. बाहेर ठेवला की त्याला पाय फुटतात. नळ सकाळी तासभर. "मग हात कसे धुता?" गवंडीकाका तापात पडल्या पडल्या म्हणाले, "मनातल्या मनात."
जाताना आजारी नसलेल्या प्रत्येकाला नाव घातलेली डबी दिली. सकाळी भरून द्यायची. डबी नाही तर काम नाही.

२३ फेब्रुवारी
भोंगा तासभर आत. बाहेर रांग, दारावर थापा. आतून म्हणतो, "अरे, होतच नाहीये." शेवटी त्याची पण मीच भरली. दोस्तीत काय आपलं नि तुपलं.

२७ फेब्रुवारी
दोनच डब्या वाईट निघाल्या. माझी आणि भोंग्याची.
बाई म्हणाल्या, ताप गेला तरी जंतू पोटात राहतो, वर्षानुवर्षं. माणूस धडधाकट, आणि हातातून दुसऱ्यांच्या ताटात. माझा स्वयंपाक बंद. भोंग्याची सुट्टी बंद — "घरात तान्हं येणार, आणि तू हे घेऊन जाणार?"
भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सुरी पुसत बसलो.

२८ फेब्रुवारी
काल भोंगा वाजलाच नाही.

१ मार्च
बाईंना सांगून टाकलं, दोन्ही माझ्याच. त्यांना आधी हसू आलं, मग मला असं तासलं! भोंग्याला नवी डबी. या वेळी बाई स्वतः दाराशी उभ्या.

५ मार्च
भोंग्याची डबी स्वच्छ. गेला. ट्रंकेतला साबण संडासाजवळ ठेवून गेला. मला महिनाभर गोळ्या आणि परत पाटी. प्लंबर आज उठून बसला. मला म्हणाला, "काकडी पातळ होती बाकी."

६ मार्च
बाईंनी विचारलं, "तुझ्यानंतर घरात कुणाला ताप आला होता?"
धाकटीला. माझा उतरल्यावर महिन्याभरात. ती कायम माझ्याच ताटात जेवायची. तापात केस गळले, तिची वेणी अजून पहिल्यासारखी जाड झालेली नाही.
तेव्हा गावच्या विहिरीचं पाणी वाईट म्हणून विहिरीला सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या होत्या.