सखुअक्काचा निकाल

माघातला शनिवार, दिवेलागण. माजलगावाजवळ.

आज आमच्या प्रेसबिटेरियन मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळापुढं माझी सख्खी बहीण, सखुअक्का, उभी होती. त्या वडिलांत मीही एक. तिच्या पोराला देवी आल्या तेव्हा तिनं शितळेपुढं नारळ फोडला. एक नारळ. पोर वाचलं.

पाद्रीसाहेब म्हणाले, "चुकलं एवढं म्हणा बाई, विषय संपेल."

"प्रार्थनाबी केली, नारळबी फोडला. कुणी वाचवलं ते मला ठावं न्हाई. पण चुकलं म्हणणार न्हाई."

मी मनात म्हणत होतो, म्हण ना अक्का! या मोगलाईत ख्रिस्ती झालो म्हणून पाटलानं आम्हाला विहीर बंद केली, तहसिलीतही दाद लागली नाही, तेव्हा भल्याभल्यांनी मंडळी सोडली. ही नदीवरून पाणी आणत राहिली. आणि एका नारळासाठी हिला प्रभुभोजनातून काढायचं? बाकीच्या वडिलांनी हात वर केले. मी केला नाही. तरी निकाल लागलाच. मी उठून म्हणालो, "मग मलाही वडील राहायचं नाही."

वाटलं, अक्काला बरं वाटेल. ती आत्ताच घरी येऊन भांडून गेली. "तू कावून सोडतो? उद्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तूच फिरव, ते वडिलाचंच काम. माझ्यापुढनं तसाच निघून जा. मी हात पुढं करणार न्हाई."

"बरं," म्हणालो. नुसतं तिला गप्प करायला म्हणालो का? ताट मी घेईन. पण तिच्यापुढं आल्यावर माझा पाय पुढं पडणार नाही, हे आत्ताच कळतंय. साहेब बघोत, मंडळी बघो, मी ताट तिच्यापुढं धरणार. घ्यायचं का नाही, ते अक्का ठरवील.