हाताने दिलेला ठोका

पपा, आता घरात पिनबॉलचं मशीन आलंय. तुम्ही असतात तर आधी वरची काच सरकवली असतीत आणि आत आडवा झोपवलेला टीव्ही पाहून विचारलं असतंत, "आणि बॉल कुठाय?" बॉल नाही. तो पडद्यावर धावतो. उतार, स्प्रिंगा, दिवे, सगळं कॉम्प्युटरच दाखवतो. पेटी मात्र खरी लाकडाची आहे, चंदनसारच्या एका सुताराकडून करून घेतलेली. पाय खरे, बाजूची बटणं खरी. काम पुरं होईपर्यंत तो सुतार विचारत होता, "मॅडम, हे नक्की टेबल आहे की देव्हारा?" मी म्हटलं, दोन्हीच्या मधलं काहीतरी धरा.

त्याआधी कितीतरी वर्षं मी हा खेळ साध्या कॉम्प्युटरवर खेळत होते. ऑफिसातून एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर यायचं, चहा घ्यायचा, हेडफोन लावायचे आणि शिफ्टच्या दोन बटणांवर दोन बोटं ठेवायची. आमचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. त्यात डेस्कटॉपवाले आणि कॅबिनेटवाले असे दोन तट, आणि त्यांची भांडणं अगदी भाऊबंदकीच्या थाटाची. कॅबिनेटवाले म्हणतात, पेटीपुढे उभं राहून, तिला तळव्याने, कमरेने धक्के देत खेळलं तरच तो पिनबॉल, बाकीचं सगळं टायपिंग. मी डेस्कटॉपवाली, आणि बोलण्यात तर मी कुणाला हार जात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी लिहायचे, खेळ तोच, गुण तेच, मग घरात कपाटाएवढं धूड कशाला आणायचं? खरं कारण तिथे कधी लिहिलं नाही. स्पेसबार दाबून पडद्यावरचं टेबल हलवताना तुमची आठवण येत नसे. पेटीला हात लावला तर येईल, याची मला भीती वाटायची.

पापडीच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. आई पाट्यावर वाटण वाटतेय आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही जिथली मशीनं दुरुस्त करता त्या गेम पार्लरमधून आणलेल्या पत्र्याच्या पट्ट्या बारीक कानशीने घासताय. आई माझ्याकडे बघून म्हणते, "तुझ्या पपांना सांग, कालवणात लोखंड पडलं तर तेच त्यांना वाढीन." तुम्ही मान वर न करता वर्तमानपत्र जरासं अलीकडे ओढता. मग एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तुम्ही मला तुमच्याबरोबर मुंबईच्या त्या गेम पार्लरमध्ये नेता. शटर अर्धं वर, आत कुणी नाही, आणि एका मशीनचं पोट उघडं. तुम्ही आत हात घालून काहीतरी दाबता आणि लाकडावर ठक् असा एकच ठोका बसतो. "हा वाजला म्हणजे फुकट गेम मिळाला," तुम्ही सांगता. मी म्हणते, अजून एकदा वाजवा ना. तुम्ही एकदम कडक होता. "नाही. हा खेळून मिळवायचा असतो. हाताने दिलेला ठोका खोटा."

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हतेच. रोज संध्याकाळी घरी आलात की दारावर बेल असूनही तुम्ही बोटाच्या पेराने असाच एकच ठोका द्यायचात आणि आई हातातलं टाकून उठायची. मी म्हटलं, "मग घरी येता तेव्हा हातानेच तर ठोकता." तुम्ही हसलाही नाहीत. स्क्रू आवळत म्हणालात, "तो मी दिवसभर खेळून मिळवलेला असतो."

आणि मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात पार्लरचे मालक होते. तुम्ही एका मशीनजवळच कोसळला होतात. काय झालं ते आईला दार उघडण्याआधीच कळलं होतं, कारण ठोका पडला नव्हता, बेल वाजली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर मी आईला पापडीहून इथे आणलं. तिचे गुडघे गेलेत. खुर्चीत बसली की उठायचं नाव नाही. मी हेडफोन लावून खेळायला बसले की ती माझ्या पाठीकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुझे पपा उभं राहून खेळायचे. तू ही पोळपाटावर वाकल्यासारखी काय बसतेस?" तेवढ्यावरून मी कॅबिनेट करायला घेतलं. ग्रुपमध्ये नाक कापून घेतलं ते वेगळंच. पेटीत ठोक्याचं यंत्रही बसवलं, जुन्या खऱ्या मशीनमधलं, तुम्ही दाबून दाखवलं होतंत तसलंच. पहिल्या संध्याकाळी बॉल निसटायला लागला तेव्हा माझ्या डाव्या तळव्याने पेटीला खालून हलकेच धक्का दिला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तो हात तुमचा होता, पपा, आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले.

थोड्या वेळाने मला फुकट गेम मिळाला. ठक्. मागे खुर्ची करकरली. आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली आणि तिने दार उघडलं. बाहेर रिकामा पॅसेज, लिफ्टचा लाल दिवा. तीच म्हणाली, "कळतंय गं मला, मशीन आहे. पाय आपणहून उठले." मी त्याच क्षणी ठोक्याची वायर काढली आणि पुन्हा डेस्कटॉपवर, हेडफोनमध्ये जाऊन बसले.

आठवड्याने तिने विचारलं, "ते ठोकणारं का बंद केलंस?" मी म्हटलं, तुला त्रास होतो म्हणून. "त्रास कसला? बेल वाजली की अजून दार उघडावंसं वाटत नाही. ते वाजलं की उठावंसं वाटतं. रोज एकदा वाजू दे."

आता रोज संध्याकाळी मी पेटीपुढे उभी राहते. आईची रोजारच्या प्रार्थनेची माळ संपलेली असते, तोंड खिडकीकडे, कान माझ्याकडे. पण गेम काही रोज मिळत नाही. दमून आलेली असते, बॉल तळाच्या दोन्ही दांड्यांच्या, फ्लिपरच्या, मधून सरळ खाली जातो. म्हणून पेटीखाली मी एक छोटं बटण बसवून घेतलंय. ते दाबते. ठक्. आई उठते, दार उघडते, कडीवर हात ठेवून जराशी थांबते, मग दार लावून चहा टाकायला जाते. तुमच्या लेखी तो ठोका खोटा. तिला कळतं की नाही, मी विचारलेलं नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. ठोका मीच देते, पपा. तरीही आई दार उघडते तेव्हा मीही वळून बघते.