कापसात पुरलेली डबलरोटी

मु. नांदुरा, पौष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप भगवंतराव भाऊजींच्या पायी मेव्हणा उकंडराव याचा दंडवत. सोनाळ्यास आपण, आक्का व लेकरे खुशाल असावीत. आपला गुडघा कसा आहे? बैलजोडी बरी ना? (तोंड दाखवायला जागा उरली नाही की माणूस बैलांची चौकशी करतो, हे आपण ओळखलेच असेल.)

विषय आपल्या कापसाचा आहे, पण आधी आईचे सांगतो. तिचा ताप उतरला, पण भाकरी गिळवेना. डॉक्टर म्हणाले, दुधात डबलरोटी भिजवून द्या. आता नांदुऱ्यात डबलरोटी म्हणजे स्टेशनाजवळच्या अब्दुल गनीच्या भट्टीची. आणि मी तर चातुर्मासात देवळाच्या ओट्यावर उभा राहून शपथ घेतलेली, की बाजारची डबलरोटी ज्याच्या घरात गेली त्याच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही. (टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्या की मला पुढचे दिसत नाही.) म्हणून आईला म्हणालो, मी घरीच चुलीवर करतो. आपण गोवऱ्यांत रोडगे भाजणारी माणसे, आपल्याला भट्टी कशाला हवी!

कणीक फुगायला ताडीसारखी आंबलेली शिंदी लागते, असे रेल्वेच्या एका गार्डाने सांगितले होते. तेव्हा हा धर्मरक्षक उपरण्याखाली तांब्या लपवून शिंदीच्या दुकानी गेला. येताना तांब्या हिंदकळला, उपरणे भिजले, वास सुटला, आणि नेमके पंजाबराव समोर आले. यांच्या घरी डबलरोटी येते म्हणून मी यांचे पाणी सोडलेले. त्यांनी नुसते बाजूला सरकून मला वाट दिली. भाऊजी, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

थंडीमुळे कणीक फुगेना. भाव चढेपर्यंत आपण माझ्या मागच्या खोलीत ठेवलेला कापूस मला आठवला. कापसाइतकी ऊब कुठे मिळणार? पातेले त्यात खोल पुरले. सकाळी पाहतो तर कणीक झाकण ढकलून चहूकडून कापसात शिरलेली, आणि दोघांची अशी दिलजमाई झालेली की सोडवता सोडवेना. आमचे कुटुंब दारातून म्हणाले, "आता हे भाजाले नेता का पिंजाले?"

हाती लागली तेवढी कणीक घमेल्यात वाळू तापवून, वर डबा पालथा घालून, त्यावर निखारे रचून भाजली. बाहेरून कोळसा, आतून चिकट, मधूनमधून आपला कापूस. आईने ती दुधात भिजवली आणि डोळे मिटून खाल्ली. म्हणाली, "बरी झाली रे बापू." माझे डोळे भरून आले. त्या दुपारपासून तिचे पोट बिघडले आहे. फार लाज वाटते, भाऊजी. आजारी आईच्या पोटात मी माझा हट्ट घातला.

लेकरांना आशीर्वाद. आक्काला शिंदीचे सांगू नये.

आपला,
उकंडराव

ता. क. खराब झालेल्या कापसाऐवजी माझ्या कापसातला घ्यावा.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करताना कुटुंबाने रागाच्या भरात सांगून टाकले. ताप उतरल्यापासून आई गनीचीच डबलरोटी खाते आहे! मी बाहेर पडलो की गनीची बायको अमीरबी मागच्या दाराने आणून देते. आईला विचारले तर म्हणाली, "तू चार लोकांत बोलून बसला होता. तुही मान खाली जाऊ नये म्हून नाही सांगतलं." मग माझी कशाला खाल्लीस? "तू एवढ्या हौसेनं भाजली, तुले नाही कशी म्हनू?"

आणखी एक, दुसऱ्या दिवशी लिहितो. अमीरबी परवा माहेरी चालली आहे. कुटुंब म्हणते, आता भट्टीवर तुम्हीच जा. मला त्या पायरीवर पाय ठेवायला तोंड नाही. तरी कापसाच्या निमित्ताने आपण लगेच गाडी जुंपून यावे, आणि येताना स्टेशनावरून डबलरोटी आणावी. एक जास्तीची आणावी. बाकी शपथेप्रमाणे मला आता माझ्याच घरी पाणी पिता येत नाही. (सकाळी प्यालो. गनीची डबलरोटी घशात अडकली होती.)