गैरहजर फॉलोअर

२ जून
रोजनिशीची मला हौस नाही. लिहावी लागते आहे, कारण काल धाकट्या जावेने भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर सांगितलं की जाऊबाई, तुमच्या हातात आल्यापासून आपलं पेज झोपलंय. उशांच्या दुकानाचं पेज झोपलं तर ती जाहिरातच झाली, असं हे म्हणाले. ह्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. महिनाअखेरपर्यंत पेज माझ्याकडे. रीच वाढला तर फोन, दाराजवळची खुर्ची आणि गिऱ्हाइकांशी बोलणं कायमचं माझं. नाही वाढला तर ते सगळं तिचं, आणि मी मागच्या खोलीत कापूस भरायला. नंतर कोणी शब्द फिरवू नये म्हणून लिहून ठेवते. म्हणजे तिने. मी फिरवत नाही.

रीच म्हणजे आपली पोस्ट किती जणांच्या डोळ्यांसमोर गेली तो आकडा. पूर्वी चारशे असायचा. आता नव्वद. फॉलोअर मात्र सहाशे! मग बाकीचे करतात काय?

३ जून, रात्री
पोस्ट टाकली: ‘पालथं झोपणाऱ्यांनो, हे तुम्हाला शोभतं का?’ सोबत चपट्या झालेल्या उशीचा फोटो. नव्वदचे साठ झाले. लोकांना सत्य पचत नाही.

५ जून
जाऊ म्हणाली, उशीवर मांजर बसवून फोटो टाका, लोक धावत येतील. म्हटलं, आपण मांजरं विकत नाही. ती म्हणाली, सध्या उशा तरी कुठे विकतोय.
 

६ जून
दुखण्याचं मूळ सापडलं. शिस्त नाही. आमच्या कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नसत. इथे वर्षभरात एक लाइक न देणाराही फॉलोअर म्हणून मिरवतो. आजपासून नियम: लागोपाठ तीन पोस्टना लाइक नाही, की नाव कमी, म्हणजे थेट ब्लॉक. तशी सूचना पेजवर लावली.
लाइक दोन. एक माझा.

१० जून
पहिली छाटणी. जावेचं माहेर एका फटक्यात साफ झालं. योगायोग.
खोळी शिवणाऱ्या बाई तावातावाने आल्या. ताई, दिवसभर मशीनवर असते, तुमच्या उशा कधी बघू? म्हटलं, गैरहजेरीचं कारण लेखी द्या. तर मलाच विचारतात, खोळी शिवू की अर्ज लिहू?
खोळी शिवा म्हटलं. नाव कमी केलंच. ओळखीपाळखी इथे चालणार नाहीत.

१३ जून
फॉलोअर दोनशे, रीच चाळीस. वरवर घट दिसते. पण सहाशेंत नव्वद म्हणजे पंधरा टक्के, आणि दोनशेंत चाळीस म्हणजे वीस. वाढ!
जावेला गणित समजावलं. ती म्हणाली, असंच चालू ठेवा, शेवटी एकच उरेल आणि शंभर टक्के होतील. चेष्टेने म्हणाली. पण दिशा तीच आहे.

१५ जून
शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी पोस्टवर लाल बदाम टाकला. नियमात फक्त लाइक आहे. बदाम धरायचा का? शिवाय परस्त्रीला बदाम. भर रस्त्यात थांबवून समज दिली. ते म्हणाले, अहो, बोट चुकून पडलं. दुपारपर्यंत त्यांनीच पेज सोडलं.
बोटावर ताबा नसलेल्या माणसाकडून दात काढून घ्यायचे म्हणजे कमाल आहे.

१८ जून
ह्यांनी पोस्टखाली जाहीर लिहिलं: ‘मी लग्नापासून उशीशिवाय झोपतो. मान उत्तम आहे.’ जगातले सगळे विषय सोडून!
जाब विचारला. म्हणाले, तूच म्हणालीस ना, काहीतरी लिहा म्हणजे हजेरी लागते.
ब्लॉक केलं. मग जेवायला वाढलं. संसार वेगळा, धंदा वेगळा.

२४ जून
फॉलोअर अकरा, रीच अकरा. शंभर टक्के! एवढ्या वर्षांत दुकानाला असे दिवस आले नव्हते.
आनंदात अभिनंदनाची पोस्ट टाकली. त्यावर लाइक चार. बाकीचे सात लागोपाठ तिसऱ्यांदा गैरहजर, काढले. हुरळून जाऊन ढिलाई करणाऱ्यांतली मी नव्हे.

२८ जून, दुपारी
लॉजचे मॅनेजर आले. दरवर्षी ऐंशी उशांची ऑर्डर मेसेजवर देतात. मी खुर्ची पुढे केली. बसेनात. चेहरा पाडून म्हणाले, वाईट वाटलं हो, म्हटलं एकदा भेटून यावं.
कशाचं वाईट वाटलं, ते कळेना. मग उलगडलं. पेज दिसेना, मेसेज जाईना, त्यांना वाटलं दुकान बुडालं. सांत्वनाला आले होते. उशा परवाच दुसरीकडून घेतल्या.
मी स्पष्ट सांगितलं की तुम्ही लागोपाठ तीन पोस्टना गैरहजर होतात. त्यांनी कान पकडले, चुकलं म्हणाले. सज्जन माणूस. ऑर्डर मात्र गेली.
जाऊ सगळं ऐकत होती. एक अक्षर बोलली नाही.  काहीतरी टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

३० जून
फॉलोअर एक. रीच एक. ती मी.
शंभर टक्क्यांचं गणित पुन्हा मांडायला घेतलं होतं. अर्ध्यात सोडलं.

ठरल्याप्रमाणे धाकट्या जावेकडे सुपूर्द केलं ते असं: दुकानाचा फोन, चार्जरसह. दाराजवळची खुर्ची. पासवर्ड, तोंडी, दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा तिला हसू आवरेना. नाव कमी केलेली माणसं, जवळपास सहाशे. त्यांना परत घ्यायला तिने तिथल्या तिथे सुरुवात केली, ह्यांच्यापासून.
मला मिळालं ते: मागची खोली, कापसाची पोती, नाकाला बांधायला फडकं.
हजेरीचा नियमही देऊ केला होता. घेतला नाही.