बाबांच्या साडेपाच प्रती

तीर्थस्वरूप मामा आणि मामी,

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत बसून लिहिते आहे, कारण कंबर जरा धरली आहे. पण मनानं पुरती वाकले आहे असं समजावं.) मामींची टाच आता कशी आहे? जिना चढताना दुखते की उतरताना, एवढं कळवा. आईला वाटतं, उतरताना दुखत असेल तर काळजीचं नाही. हे तिला कुणी सांगितलं ते विचारू नका. आईची प्रकृती उत्तम आहे आणि आवाज प्रकृतीहून उत्तम. बाबाही बरे आहेत. फक्त मधले काही आठवडे ते दुर्मीळ होते, त्याचीच हकीकत सांगायला बसले आहे.

मागे फोनवर तुम्ही आईला विचारलं होतं, की पोरगी एवढं शिकून नक्की करते काय. आईनं एका दमात सांगून टाकलं, "लोकांची थुंकी तपासते." मामा, हे खोटं नाही, पण स्वयंपाक्याला 'भांडी खरकटी करणारा' म्हणावं तसं आहे. आपली कातडी, तोंडाचं आतलं अस्तर वगैरे भाग एक बारीकसं प्रथिन तयार करतात. ते जंतूंच्या अंगाला भोकं पाडून त्यांचा निकाल लावतं. हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती एका जनुकात असते. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, विषय संपला. हे जनुक मात्र उधळ्या स्वभावाचं आहे. कुणाकडे त्याच्या तीन प्रती, कुणाकडे चार, कुणाकडे आठ. एकाच आईकडून एका मुलाला तीन मिळतात, तर दुसऱ्याला चार. (आमच्या धाकट्याला हे कळल्यापासून तो म्हणतो, लहानपणी बर्फीच्या वाटणीत हेच चालायचं. त्याला टक्कल पडलं तरी घरात सगळे 'बाळ'च म्हणतात, त्यामुळे या तक्रारीकडे कुणी लक्ष दिलं नाही.)

या प्रती मोजायच्या कशा, ही माझी नोकरी. तुम्ही आयुष्यभर दुकानदारांची वजनंमापं तपासलीत, तेव्हा तुम्हाला लगेच कळेल: पोतं न उघडता आत किती नारळ आहेत ते सांगण्यासारखं हे काम आहे. मोजण्याची एक स्वस्त रीत मी दोन वर्षं खपून बसवली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख (त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, त्यांचं पूर्ण नाव फक्त दारावरच्या पाटीला माहीत आहे) म्हणाल्या, रीत खरी ठरली तर ठेवू, नाहीतर बाहेरून तयार महागडी पद्धत विकत घेऊ. म्हणजे माझी दोन वर्षं मोरीत. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर जो सहकारी बसतो, ज्याला आम्ही शंकेखोर म्हणतो, त्याला पहिल्या दिवसापासून खात्री होती की मोरीतच.

आता काटा खरा की खोटा हे कसं ठरवायचं? तुम्ही प्रमाणित वजन ठेवून बघायचात, आम्ही कुटुंब ठेवून बघतो. मुलांचे आकडे आईवडिलांच्या आकड्यांतून निघाले पाहिजेत, हिशोब तिथेच उघडा पडतो. पण अख्खं कुटुंब एका जागी बसून नळीत थुंकायला तयार होणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. एका घरात सासू म्हणाली सुनेसमोर थुंकणार नाही, दुसऱ्या घरात सून म्हणाली सासूसमोर कधीपासून इच्छा होती, आणि तिथून विषय निराळ्याच वाटेला गेला. शेवटी मी म्हटलं, आपलं घर काय वाईट आहे?

नियम सोपे होते. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची. फेस धरायचा नाही. बाळनं मोबाइल बघत बघत नळी भरली. आईनं तर स्वयंपाकघरातल्या लिंबाकडे एकदा नजर टाकली आणि काम संपवून टाकलं. अडले ते बाबा. रक्तदाबाच्या गोळीनं त्यांचं तोंड कोरडं पडतं, शिवाय फेस का धरायचा नाही यावर त्यांना आधी चर्चा हवी होती. मला बस गाठायची होती, म्हणून मी तेवढ्यात वरच्या मजल्यावर माझी जुनी पुस्तकं बांधायला गेले. खाली आले तर बाबांची नळी बरोब्बर रेघेपर्यंत भरलेली. मी त्यांना शाबासकी दिली. त्यांनी ती घेतली. (हे महत्त्वाचं आहे. त्यांनी ती विनातक्रार घेतली.)

आकडे आले. आई सात, मी सहा, बाळ पाच. आणि बाबा साडेपाच.

मामा, साडेपाच प्रती नसतात. अर्धी प्रत म्हणजे अर्धा मामा. मी नमुना पुन्हा चालवला, साडेपाच. नवं रसायन आणलं, साडेपाच. शंकेखोर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "काटा मोडलाय तुझा." मी म्हटलं, बाकी तिघांचे आकडे सरळ आलेत ना? तर म्हणे, बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं. त्या दुपारी मी डबा उघडलाच नाही.

पण बाईंना त्यात निराळंच काही दिसलं. क्वचित एखाद्या माणसाच्या शरीरात दोन तऱ्हेच्या पेशी नांदतात, निम्म्यांत प्रती कमी, निम्म्यांत जास्त. सरासरी काढली की अपूर्णांक! बाई खुर्चीतून उठल्या (त्या सहसा उठत नाहीत) आणि म्हणाल्या, "तुमचे वडील दुर्मीळ असू शकतात." म्हणजे एकतर माझी रीत खोटी, नाहीतर बाबा अपूर्व. मुलगी म्हणून मी काय निवडायचं होतं, तुम्हीच सांगा.

माझी चूक एवढीच, की मी हे घरी बोलले. त्या दिवसापासून बाबा वेगळे चालायला लागले. न्हाव्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत पुढच्याला आणि मागच्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात आरसा असताना सांगितलं. घरात गळ्याला मफलर आला. आईनं भाजी आणायला पाठवलं तर म्हणाले, "माझ्यासारख्या माणसानं गर्दीत जावं का?" आई म्हणाली, "दोन्ही तऱ्हेच्या पेशी घेऊन जा, पिशव्याही दोन आहेत."

बाईंनी पक्की खात्री करायला नवा नमुना मागितला. त्या रविवारी मी स्वतः बाबांसमोर खुर्ची टाकून बसले. बाबा नळी हातात धरून आपल्या वेगळेपणाच्या खुणा लहानपणापासून कशा दिसत होत्या ते सांगत होते, त्यामुळे नळीत काही पडत नव्हतं. एवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

"किती झालं? एवढंच? आणा इकडे."

आणि तिनं त्यांच्या हातातली नळी घेऊन सरळ स्वतःच्या तोंडाशी नेली! मी किंचाळले.

"आई, काय करतेस?"

"भर घालतेय. मागच्या वेळी नाही का घातली?"

बाबांनी मफलर सैल केला. "मागच्या वेळी?"

"निम्म्यावर डुलकी काढलीत तुम्ही. नळी सांडली असती."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"तू म्हणालीस रेघेपर्यंत भरा. कुणी भरा ते कुठे म्हणालीस?"

मामा, तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे. बाबांचं वाक्य ती पूर्ण करते, बाबांचं शब्दकोडं ती पूर्ण करते, बाबांनी अर्धा टाकलेला चहा ती पिऊन टाकते. त्यांच्या थुंकीनं काय पाप केलं होतं? मी तिला दुसऱ्या खोलीत बसवून कडी लावली आणि नळी पुन्हा पहिल्यापासून भरून घेतली. निकाल आला: बाबा चार. त्यांचे चार, आईचे सात, मिळून अकरा, निम्मे साडेपाच. माझी रीत खोटी नव्हती, नमुना संसारी होता.

बाई एक कप चहा होईपर्यंत हळहळल्या, मग खळखळून हसल्या. शंकेखोर मात्र हसला नाही. म्हणाला, "असं असेल तर मुद्दाम मिसळून बघू." आम्ही माझी आणि बाळची लाळ ठरावीक प्रमाणांत मिसळून मोजली, आणि दर वेळी आकडा जिथे यायला हवा तिथेच आला. त्यानंतर त्यानं माझी खुर्ची सरळ करून दिली. त्याच्याकडून याला अभिनंदन म्हणतात. बाईंनी बाहेरची पद्धत रद्द केली, माझी रीत आता आमच्याकडे कायम झाली.

बाबा थोडे दिवस खट्टू होते. चार म्हणजे अगदी चारचौघांसारखं. पण मग मी त्यांना सांगितलं, की जास्त प्रती म्हणजे सगळं चांगलंच असं नाही, त्यांचा एका खाजऱ्या त्वचारोगाशी संबंध दिसला आहे. तेव्हापासून खुलले आहेत. रोज सकाळी आईला आपुलकीनं विचारतात, "कुठे खाजतंय का?"

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. सोबतच्या डबीत एक नळी आहे. आईच्या सात प्रतींपैकी आजोबांच्या किती आणि आजीच्या किती, हे तुमच्या आकड्यावरून ताडता येईल. रेघेपर्यंत भरावी. पोस्टानं पाठवू नये, स्वतः घेऊन यावं. विज्ञानाला त्याची नितांत गरज आहे.

ता. क. २. विज्ञानाला काही गरज नाही. आमचं काम तुमच्याशिवाय पूर्ण झालं आहे आणि नळी मी बाईंच्या नकळत आणली आहे. आई म्हणाली, "साधं ये म्हटलं तर तो येत नाही. सरकारी कामाला बोलाव, धावत येईल." तिला तुम्हाला बघायचं आहे. मामींनाही आणा, आमच्याकडे जिना उतरायलाच जास्त आहे.

ता. क. ३. बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, स्टेशनवर घ्यायला मी स्वतः येईन. परत सोडायला कोण येईल, ते मात्र तुमचा आकडा चाराच्या वर लागतो की खाली, त्यावर ठरेल.