चेटकिणींचा दहीभात

रविवार, अमावास्या. बोरिवली

आज पुन्हा ते चित्र बघत बसले. दोनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं. अंधारात झोपलेल्या माणसावर घिरट्या घालणाऱ्या चेटकिणी. आर्ट कॉलेजात असताना मी त्याचा प्रिंट हॉलमध्ये लावला, तेव्हा वाटलं, आई फाडूनच टाकणार. पण तिने चष्मा लावून नीट बघितलं. "किती सुकल्यात गं! कुणी जेवायला घालत नाही का यांना?"

मग दर अमावास्येला चित्राखाली वाटीभर दहीभात. डोक्यात जायचं माझ्या. मैत्रिणी हसायच्या ना!

आई गेल्यानंतरची ही पहिली अमावास्या. मी दहीभात का कालवला? कोण जाणे. वाटी ठेवताना लेकीने हटकलं, "आजी तर दहीभात खायचीच नाही ना?"

"आजीसाठी नाही गं. आजीच्या पाहुण्यांसाठी."