लुआन आजोबांचं डोकं

प्रिय ताई,

हे पत्र फाडायचं तर खुशाल फाड. पण आधी दुकानाच्या फळ्या लाव आणि उत्सव होईपर्यंत दोउदोउला शाळेत पाठवू नकोस. एवढं वाचलंस तरी माझं अर्धं काम झालं.

टोफूवाल्या मा काकांच्या हाती हे देतेय. ज्याची घंटा ऐकून दोन्ही गावांत कुणी दार लावत नाही असा तो एकच माणूस उरलाय सध्या. फोन लावून बघितला. आपल्या घरातल्या सगळ्यांचेच नंबर तू बंद करून टाकलेस, बरोबरच केलंस. बाबांना नेलं त्या दिवशी तू डोक्याला सुतकाचं पांढरं फडकं बांधून पुलाच्या त्या टोकाला उभी होतीस आणि या टोकाला आपलेच चुलतभाऊ हाताची साखळी करून उभे होते. आई मागे वळूनही बघत नव्हती. मी तुझ्या जागी असते तर नंबर कशाला, आडनावसुद्धा खोडून टाकलं असतं.

तर बातमी अशी की लुआन आजोबा सापडले. तुला कळलं असेलच, फटाके तुमच्यापर्यंत ऐकू आले असतील. वेई काकांच्या सफरचंदांच्या शीतगृहाचा खड्डा खणताना यंत्राचं पुढचं चाकच खाली गेलं. खाली विटांची कमान, कमानीखाली खोली, दाराशी दगड. दगडावरची बाकी अक्षरं क्षाराने खाल्लीत, पण हुद्दा आणि नाव शाबूत आहे. आपलाच सेनापती. दीड हजार वर्षांचा म्हातारा आपल्या बागेखाली झोपलेला, आणि आपण वर खत टाकत होतो. आमच्या पुरातत्त्व संस्थेने मला पाठवलं, कारण हाडं बघणारी मी एकटीच मोकळी होते. ही माझीच गल्ली आहे हे त्यांना कुठे माहीत.

आमचे प्रमुख नी सर दक्षिणेकडचे. त्यांना उत्सव समजावून सांगताना माझंच बोलणं मला परक्या माणसासारखं ऐकू आलं. म्हटलं, सर, सेनापती लुआन हा किल्ला राखत होता. पलीकडच्या श्यावानवाल्यांनी त्याला झोपेत मारून डोकं शत्रूला विकलं, धड तेवढं आम्हा शांगबाओवाल्यांकडे राहिलं. म्हणून देवळातली मूर्ती बिनडोक्याची. दर वर्षी गव्हाच्या पिठाचं डोकं वाफवून तिच्यावर बसवायचं, ती खांद्यावर घेऊन नदीकाठी जायचं आणि पलीकडे बघून सगळ्यांनी ओरडायचं, 'डोकं द्या!' तिकडचे लोक दारं लावून बसतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकाच बाजारात कांद्यावरून भांडतात. फक्त मुली द्यायच्या-घ्यायच्या नाहीत. सरांनी थर्मासचं झाकण फिरवत विचारलं, "हे लिहिलंय कुठे?" म्हटलं, कुठेच नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. "सगळ्यांना माहीत असतं ना, त्याचीच मला धास्ती वाटते," ते म्हणाले.

लहानपणी आपल्यालाही त्या ओरडण्याची काय मजा वाटायची! तुझा आवाज सगळ्यात मोठा. आणि डोकं तर तू करायचीस, आईच्या मांडीशी बसून. माझी डोकी भोपळ्यासारखी व्हायची, म्हणून मला फक्त भुवयांसाठी काळे घेवडे निवडायला बसवायचे. एकदा तू सेनापतीला सुरकुत्या काढल्यास, गाल आत ओढलेस, थेट आपल्या पणजीसारखे. आईने तुझ्या हातावर चापट मारली होती. "देव म्हातारा होत नाही, शू." मग तिने ते गाल बोटांनी परत फुगवले. आठवतं?

पहिल्या दिवशी आम्ही कमानीच्या फटीतून कॅमेरा आत सोडला. पडदा बाहेर झाडाखाली लावलेला, वेई काकांचा हट्ट, "गावाचा देव आहे, गावाला बघू दे." अख्खं गाव जमलं. आत चिखल, कुजलेल्या फळ्या, त्यात बरगड्या, हात सरळ ठेवलेले. कॅमेरा वर वर सरकला. खांदे. खांद्यांच्या वर काही नाही. नुसता चिखल.

ताई, तो आवाज मी विसरणार नाही. देऊळ सांभाळणारे शुए आजोबा गुडघ्यांवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, "बघा रे, मुंडकं विकलंच होतं की हरामखोरांनी!" आणि फटाके. मी आईला शोधत होते. ती गर्दीच्या कडेला उभी होती, हाताला पीठ तसंच. तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला बघितला मी. ती हळूच म्हणाली, "म्हणजे खरंच होतं." आणि घरी गेली. त्या दिवशी ती नीट जेवली. व्हिनेगर मागून घेतलं, शेवयांचा वाडगा रिकामा केला. मला ते बघवेना. श्यावानात लग्न केलंस म्हणून तुला बाहेर ठेवलं, बाबांच्या अखेरीलासुद्धा येऊ दिलं नाही, त्या सगळ्याला आता हाडांचा पुरावा मिळाला होता. तिला पुन्हा झोप लागायला लागली होती.

पुढचं तू भोगते आहेसच. तुमच्या दारावर शेण कुणी फेकलं ते मला माहीत आहे, आणि दोउदोउची वेणी शाळेत कुणी कापली तेही. 'मुंडकेविक्यांची पोर' म्हणाले ना तिला? म्हणणारा आपल्याच मोठ्या काकांचा नातू आहे. देवळासमोर पोरं उघड बोलतात. "दर वर्षी काठावरून ओरडतो, या वर्षी पलीकडे जाऊनच मागू." "आणि नाही दिलं तर?" "तर त्यांच्यातलं एखादं आणू, हाय काय नि नाय काय!" हसतात मग. ताई, त्या हसण्याला मी घाबरते. वेई काकांनी तर गावाच्या वेशीवर लावायला पाटी रंगवून घेतली आहे, 'विश्वासघाताने मस्तक गमावलेल्या वीराचं गाव'. बस भरून पर्यटक येणार म्हणे. मी म्हटलं, काका, अजून खणून झालेलं नाही. तर म्हणे, "अगं, पडद्यावर सगळ्यांनी बघितलं की! तू काय वेगळं खणणार?"

मी वेगळं खणलं. खोलीच्या कोपऱ्यात फुटक्या रांजणाखाली गाळ होता, तो बांबूच्या काडीने काढत होते. काडी गोल कशाला तरी लागली. माझ्या धंद्यात हे नवीन नाही, ताई. जमिनीखाली पाणी भरतं, मांस गळून गेलेलं असतं, कवटी हलकी होऊन तरंगते आणि पाणी ओसरताना भलतीकडेच जाऊन बसते. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. पण पडदा बघताना मी शांगबाओची पोर होते, मलाही ते क्षणभर सुचलं नाही. माझ्याही अंगावर काटा आला होता.

कवटी त्याचीच आहे. मानेचा पहिला मणका तिच्याखाली असा बसला जसं झाकण बसावं. मानेच्या एकाही मणक्यावर पात्याची खूण नाही. खालचा जबडा चिखलात मानेपाशीच होता, आणि त्या जबड्यात एकही दात नाही. पडलेले नाहीत मेल्यावर, मरण्याच्या कितीतरी आधी गेलेत, हिरड्यांचं हाड भरून गुळगुळीत झालंय. गुडघे झिजलेले. डाव्या हाताच्या हाडावर तलवारीचा जुना वार, नीट भरून आलेला. म्हणजे लढला होता, तेवढं खरं. किल्ला इथलाच का, वेढा कुणाचा, श्यावान तेव्हा होतं तरी का, हे हाडं सांगत नाहीत आणि मीही सांगणार नाही. पण हा माणूस पिकून, वाकून, अंथरुणात मेला. डोक्यासकट.

नी सरांनी कवटी चारी बाजूंनी फिरवून बघितली. मग म्हणाले, "अहवाल छापून येईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. हे गाव आपला तंबू पेटवेल." सर, अहवाल यायला वर्ष जाईल आणि उत्सव या आठवड्यात आहे, मी म्हटलं. "ते बघणं पोलिसांचं काम. आपलं काम हाडं." चुकीचं नव्हते बोलत. पण त्यांची भाची नाही पुलापलीकडे.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आईला खड्ड्यात उतरवलं. वाटेत दहा वेळा म्हणाली, "मला कशाला? मी काय बघायचं?" मी कापसावर ठेवलेली कवटी पुढे केली. मला वाटलं रडेल, नाहीतर मला थोबाडीत मारेल. तिने काय केलं सांगू? पिठाचा गोळा मापताना करते तसे दोन्ही तळवे बाजूंनी धरले. "एवढंसं?" म्हणाली. "आपण केवढं मोठं करत होतो." मग अंगठा जबड्यावरून फिरवला, इकडून तिकडे. "याला साधा पावसुद्धा चावता येत नसेल गं. पेज लागत असेल." मग एकदम माझ्याकडे बघून, "कोण भरवत असेल याला?"

मी म्हटलं, आई, ते हाडांवरून कळत नाही.

तिथेच पायरीवर बसली ती. उठताना माझा हात धरला नाही, खड्ड्याच्या मातीला धरून उठली. शेवटी एकच वाक्य बोलली, तेही माझ्याशी नाही, "बाबा विचारत होते तिला. शेवटपर्यंत विचारत होते." ते मी तुला सांगावं की नाही, ठरवता येत नव्हतं. पण आता लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिने पीठच भिजवलं नाही. वेई काका आले, शुए आजोबा आले, मागे ती पोरं. डोकं आपल्याच घरातून जातं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही, आणि डोक्याशिवाय मूर्ती देवळाबाहेर निघत नाही. आई दारात खुर्ची टाकून बसली. "वहिनी, बरं नाही का?" "मला काय धाड भरलीय!" "मग डोकं?" "त्याचं डोकं त्याच्याजवळच आहे, वेई. मी हात लावून आलेय." मग जो गलका उठला! शुए आजोबा म्हणाले, माझ्या डोळ्यांनी धड बघितलंय. पोरं म्हणाली, "थोरली तिकडे नांदते, मग धाकटी दुसरं काय खणून काढणार? कुठल्या तरी भिकाऱ्याची कवटी आणून ठेवली असेल!" कुणीतरी दगड मारला, खिडकीची काच गेली. आई हलली नाही. निम्मं गाव तिच्यावर विश्वास ठेवतंय, निम्मं नाही. नी सरांनी मला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. ते होणारच होतं. उत्खननाचं ओळखपत्र मी स्वतःच गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही.

मग शुए आजोबांनी हात जोडले. बिनडोक्याचा देव देवळात कोंडून ठेवला तर पोरं मूर्तीशिवायच पूल ओलांडतील, मग त्यांना अडवायला देवही पुढे नसेल. ते खरं आहे, ताई. मूर्ती पुढे असते तोवर कुणी तिच्यापुढे पाऊल टाकत नाही. आई खुर्चीवरून उठली. मग सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "डोकं मिळेल. पण रीतीप्रमाणे. या घरात ते आईकडून थोरल्या लेकीच्या हाती जातं, माझ्याकडून माझ्या युनशूच्या. ती पूल ओलांडून आली तर डोकं आहे. नाहीतर नाही." तुझं नाव तिच्या तोंडून त्या अंगणात निघालं. शुए आजोबांनी मान डोलावली, कारण रीत त्यांचीच होती.

म्हणून हे पत्र. तुला बोलवायचं ठरलं, पण लिहितेय मी. आईला लिहिता येत नाही असं नाही, तिला तुला लिहिता येत नाही. उत्सवाच्या सकाळी ती पुलाच्या मध्यावर येऊन उभी राहणार आहे, परात घेऊन, एकटी. मी शेजारी असेन, तिला नको असले तरी. पोरं असतील, दगडही असतील, तुला खोटं सांगणार नाही. दाजींना विचार, दोउदोउला आणू नकोस, आणि यायचं नसेल तर त्याबद्दल मी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही. मा काकांच्या टोपलीत टोफूखाली ओलं फडकं आहे, त्यात आपल्या घरच्या आंबवणाचा गोळा आहे. तुझ्या लग्नात द्यायचा राहिलेला. आईने स्वतः तोडून बांधला. म्हणाली, उबेला ठेवायला सांग, तिच्याकडे वारा फार लागतो. दारापर्यंत गेली, परत आली, आणि फडक्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत म्हणाली, "आणि तिला म्हणावं, या खेपेला म्हाताराच कर. गाल आत ओढलेला. मी नाही फुगवणार."

पुलावर तुझी वाट बघणारी, अजूनही फक्त घेवडेच निवडू शकणारी,

तुझीच
वानछिंग